आधी टेप, मग शालू
विचारा, सांगतो : लग्नसराई विशेष

तुळशीचं लग्न जवळ आलं की आमच्याकडे येणाऱ्या पत्रांचा सूर बदलतो. या वेळी इंदूर, देवास, उज्जैनहून आलेल्या पत्रांत निम्म्याहून जास्त भरल्या अंगाच्या नवरी मुलींची आहेत, किंवा त्यांच्या आयांची. जवळजवळ प्रत्येकीला दुकानात कोणीतरी सांगितलंय, "गडद रंग घ्या, बारीक काठ घ्या, बारीक दिसाल." त्यापलीकडचं कोणीच सांगितलेलं नाही. या अंकात तेवढंच घेतलं आहे.

*

प्रश्न : माझी मापं छाती ४४, कंबर ४०, नितंब ४७, उंची पाच फूट दोन इंच. सीतलामाता बाजारात तीन वेळा जाऊन आलो. चंदेरी फार आवडली, पण अंगावर घेतली की मी आहे त्याहून मोठी दिसते. सगळे गडद मरून घे म्हणतात, मला मोरपिशी हवाय. काय करू?
– एक नवरी, सुदामानगर

मोरपिशी घ्या. रंगाने फारसा फरक पडत नाही, फरक पडतो तो कापडाच्या पडण्याने. चंदेरीचा ताणा, म्हणजे उभे धागे, बहुधा डिंक न काढलेल्या रेशमाचा असतो. तीच तिची चमक आणि तोच तिचा ताठपणा. ती अंगाला धरून खाली येत नाही, दोन बोटं लांब उभी राहते. पाठीमागे आणि पोटाशी ही हवा भरली की ४७चे ५० दिसतात. ऑर्गेन्झा आणि टिश्यूचंही हेच. महेश्वरीत रेशमी ताणा आणि सुती बाणा (आडवे धागे) असला तरी ती मऊ पडते, दोन धुण्यांनंतर तर आणखीच. मऊ रेशमाची पैठणी आणि साधं कातान बनारसीही चांगलं पडतं. मात्र अंगभर जरीचं भरगच्च विणकाम असलेला शालू पुठ्ठ्यासारखा वागतो. जरी काठापदरात असू द्या, मधे बुट्टे विरळ असू द्या.

दुकानात परीक्षा अशी करा. साडीच्या पाच-सहा निऱ्या घाला, प्रत्येक पाच इंचांची, त्या हातात धरून कंबरेपाशी लावा आणि खालचं टोक मोकळं सोडा. निऱ्या खाली पंख्यासारख्या फाकल्या तर साडी ठेवून द्या. सरळ ओळीत राहिल्या तर ती तुमची. दुकानदार खांद्यावर टाकून आरसा दाखवतो, त्यावर निर्णय घेऊ नका. खांद्यावर सगळ्याच साड्या छान दिसतात.

पाच फूट दोन इंच उंचीला खाली तीन ते चार इंचांचा काठ पुरे. आठ-दहा इंचांचा काठ पायाशी आडवी पट्टी ओढतो आणि उंची खातो. तुमच्यापेक्षा चार-पाच इंच उंच बहीण असेल तर तिला तोच काठ शोभेल.

आता ज्याचा हिशेब कोणी करत नाही ती गोष्ट, लांबी. सहावारी साडी साडेपाच मीटर, म्हणजे सुमारे २१६ इंच. नितंब ४७ असतील तर पहिल्या फेऱ्याला ४८, पाठीमागून पुन्हा पुढे यायला ४६, पुढून तिरपं खांद्यापर्यंत ३०, आणि मागे सोडलेल्या पदराला ४० इंच. झाले १६४. निऱ्यांना उरले ५२, आणि पाच इंचांची एक निरी दहा इंच कापड खाते. म्हणजे जेमतेम पाच निऱ्या. नितंब ३६ असलेल्या मुलीला त्याच साडीत सात येतात. पाच निऱ्यांची साडी चालताना मांड्यांवर ताणली जाते, पुढून आडव्या सुरकुत्या दिसतात, आणि लोक दोष तुमच्या अंगाला देतात. दोष दीड हात कापडाचा असतो.

यावर उपाय आहे. ब्लाउजपीस साडीला लागून विणलेला असेल तर तो कापू नका. तो ८० सेंटीमीटरचा तुकडा आतल्या टोकाला असला तर खोचण्यात आत जातो, दिसत नाही, आणि तीन निऱ्या वाढतात. पदराच्या पुढे असला तर मात्र त्याचा उपयोग नाही, म्हणून घेण्यापूर्वी साडी पूर्ण उलगडायला सांगा. ब्लाउजचं कापड वेगळं घ्या. तुमच्या मापाला कोपरापर्यंतच्या बाहीसाठी सव्वा मीटर लागतंच, ८० सेंटीमीटरमध्ये शिंपी काखेत जोड देणार हे ठरलेलं.

पदराच्या निऱ्या चार-पाच इंच रुंद ठेवा. दोन इंचांची घट्ट पट्टी करून छातीच्या मधोमध टाकली की दोन्ही बाजू उघड्या पडतात आणि छाती रुंद दिसते. पदराची खालची कड उजव्या नितंबावरून निघून पोटावरून तिरपी वर जाऊ द्या. पोट झाकलं जातं, आणि त्या तिरक्या रेषेने कंबरही दिसते.

परकर नाडीचा नको. नाडी पोटात रुतते आणि वर-खाली दोन वळ्या तयार करते. चार इंचांची सपाट पट्टी वर असलेला, बाजूला हुक असलेला, सहा कळ्यांचा सुती परकर शिवून घ्या. त्या पट्टीत निऱ्या खोचल्या की दिवसभर हलत नाहीत.

*

प्रश्न : ब्लाउज नेहमी एकच त्रास देतो. छातीवर ताणतो, हुकांमध्ये फटी पडतात, गळा मात्र पुढे सैल उभा राहतो. दंड आवळतात. हात वर केला की सगळा ब्लाउज वर सरकतो. शिंपी बदलून पाहिले. लग्नाचा ब्रोकेडचा आहे, बिघडला तर दुसरं कापड मिळणार नाही.
– रामबाग

तुमच्या सगळ्याच तक्रारींचं मूळ एकच आहे. शिंप्याने छातीचं एकच माप घेतलं आणि बाकी सगळं त्या आकड्यावरून अंदाजाने कापलं. बारीक अंगाला हे खपून जातं. भरल्या अंगाला नाही, कारण छाती वाढली म्हणून खांद्याची हाडं रुंद होत नाहीत.

लग्नात जी आतली चोळी घालणार, तीच घालून मापं द्या. ती आधी विकत घ्या. जुनी, पट्टे सैल झालेली घालून माप दिलं तर छातीचं टोक एक-दीड इंच खाली धरलं जातं आणि टक्स, म्हणजे छातीला आकार देणाऱ्या शिवलेल्या चिमटी, चुकीच्या जागी येतात. नवी घातल्यावर वर पोकळ, खाली ताण.

छातीची तीन मापं हवीत : काखेतून वरची छाती, भरलेली छाती, छातीखालचा घेर. समजा ती ४०, ४४ आणि ३७ आहेत. वरच्या आणि भरलेल्या छातीत चार इंचांचं अंतर आहे, म्हणजे साधे चार टक्स पुरणार नाहीत. प्रिन्सेस कट किंवा कटोरी हवी. ब्रोकेडसाठी आम्ही प्रिन्सेस कटच सांगू. कटोरीत जोड आडवा येतो आणि बुट्टे मधूनच तुटतात. प्रिन्सेसचे जोड उभे जातात, अंगही उभं दिसतं.

शिंपी ४४चे दोन सारखे भाग करतो, पुढे २२, मागे २२. पण तुमची वाढ सगळी पुढे आहे, पाठ नाही वाढलेली. पुढचा भाग २३ आणि मागचा २१ धरायला सांगा, आणि एकूण एक इंच सैल. हुकांमधल्या फटी बहुतेक इथेच मिटतात.

खांदा हाडापासून हाडापर्यंत मोजा. चौदा असेल तर चौदाच लिहा, "चव्वेचाळीसला पंधरा" हे ऐकू नका. तो एक इंचच बाहीला खाली ओढतो आणि गळा उघडा पाडतो. तरीही गळा उभा राहिला तर काठावर अर्ध्या इंचाची चिमूट धरून ती प्रिन्सेसच्या जोडात जिरवतात. चांगल्या मास्टरजींना हे येतं, फक्त सांगावं लागतं.

हात वर केल्यावर ब्लाउज सरकतो तो मुंढ्यामुळे. आपले शिंपी त्याला मुड्ढा म्हणतात. भरल्या अंगाला आराम पडावा म्हणून ते मुंढा खोल कापतात, काखेच्या दोन-अडीच इंच खाली. होतं उलटं. बाहीचं मूळ जितकं खाली, तितका हात उचलताना ब्लाउजही उचलला जातो. मुंढा काखेच्या एक इंचच खाली हवा. हार घालताना हात डोक्यापर्यंत जातो, आणि नेमका तोच फोटो घरात लागतो.

दंडघेर हात कोपरात वाकवून, सर्वांत जाड जागी मोजा. त्यात सव्वा इंच सैल. बाही दंडाच्या जाड भागावर संपू देऊ नका, तिथे काठ रुततो आणि खाली मांस फुगतं. कोपराच्या एक इंच वर संपवा. ब्रोकेड जराही ताणत नाही, म्हणून बाहीचं अस्तर उरेब, म्हणजे तिरपं, कापायला सांगा आणि काखेत तीन इंचांचा लहान चौकोनी तुकडा घालायला. बाहेरून तो दिसत नाही.

गळ्याबद्दल आमचं मत ठाम आहे : बंद गळा घेऊ नका. झाकलं म्हणजे लहान दिसतं हा गैरसमज आहे. गळ्यापासून कंबरेपर्यंत अखंड जरी दिसली की छाती एकसंध आणि जड दिसते. साडेसहा ते सात इंच खोल, चौकोनी किंवा पानाच्या आकाराचा गळा मानेला लांबी देतो, आणि ठुशी-तन्मणीला जागाही मिळते. खांद्यावर पट्टी मात्र अडीच इंचांची राहू द्या, नाहीतर आतल्या चोळीचा पट्टा दिसेल. मागे गळा खोल चालेल, पण खालची पट्टी चार इंचांची हवी, कारण सगळा आधार तिथे आहे. खांद्याला दोरी बांधून हा आधार मिळत नाही.

ब्लाउजची लांबी आतल्या चोळीच्या पट्टीखाली दीड इंच. पुढच्या हुकांत एका इंचाचं अंतर आणि खाली दीड इंचाची आडपट्टी.

अस्तर सुती, रात्रभर पाण्यात भिजवून वाळवलेलं. न भिजवता लावलं तर पहिल्याच घामात ते आकसतं आणि वरचं ब्रोकेड पुरळ आल्यासारखं दिसतं. मे महिन्यात आपल्याकडे पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा पॉलिस्टरच्या अस्तराचं नावही काढू नका. काखेत घामाचे पॅड शिवून घ्या.

आणि कापड एकदाच मिळणार आहे ना? मग आधी मांजरपाटाचा, म्हणजे साध्या कोऱ्या सुती कापडाचा, ब्लाउज शिवा. दीड मीटर मांजरपाट, सगळी मापं घालून, कच्ची शिलाई. तो घालून आरशासमोर उभं राहण्यात अर्थ नाही. दोन्ही हात डोक्यावर न्या, पाटावर मांडी घालून बसा, पुढे वाकून पाया पडा. जिथे ताणतो तिथे पेन्सिलीने खूण करा, आणि हेच उसवून ब्रोकेडवर ठेवून कापायला द्या. मास्टरजी थोडे कुरकुरतील. एका जास्तीच्या शिलाईचे पैसे आनंदाने द्या.

दोन्ही बाजूंना आत दीड-दीड इंच दाब ठेवायला सांगा, बाहीत एक इंच. दाब म्हटलेलं कळलं नाही तर मार्जिन म्हणा. पक्की शिलाई शेवटच्या प्रयोगानंतरच, कारण रेशमात सुईची भोकं उमटतात आणि नंतर सोडलेली शिलाई रेघेसारखी दिसते.

*

प्रश्न : लग्नाला नऊवारी. नितंब ५०, मांड्या जाड. शिवलेली घ्यावी की नेसवून घ्यावी? लहान मापाची शिवलेली नऊवारी घातलेल्या मैत्रिणीचा काष्टा सप्तपदीतच उसवला होता, ती भीती आहे.
– उज्जैन

नेसवून घ्या, जमत असेल तर. नऊवारीचं मोठेपण हेच की तिला शिलाई नाही, म्हणून ती कोणालाही लहान होत नाही. शिवली की मात्र तिला माप येतं, आणि माप आलं की चूक येते.

लांबी नऊ वार म्हणजे सव्वाआठ मीटरला थोडी कमी. पन्नासच्या घेराला दहा वारांची मिळाली तर उत्तम. न मिळाल्यास पदर आखूड करा, गुडघ्यापर्यंत पुरे. निऱ्यांतून चोरू नका. घेताना लांबीपेक्षाही पन्हा, म्हणजे कापडाची रुंदी, बघा. मागे नितंबांवरून काष्टा जाताना कापड वर उचललं जातं, आणि ४२ इंचांच्या पन्ह्यात मागून पोटऱ्या उघड्या पडतात. ४८ इंचांचा पन्हा शोधा. ओच्याचा बोंगा पोटावर नको, निऱ्या चपट्या करून रुंद पसरवायला सांगा. आत गुडघ्यापर्यंतची सुती घट्ट चड्डी घाला, नाहीतर होमाजवळ बसून उठताना मांड्या सोलवटतात. मुहूर्ताच्या आठवडाभर आधी एकदा नेसून घरात दोन तास वावरा. नेसवणाऱ्या बाईंना त्याच दिवशी कळेल कुठे कमी पडतं.

शिवायचीच असेल तर नितंबांचं माप उभ्याने घेऊ नका. जमिनीवर मांडी घालून बसा आणि मग टेप लावा. ते दोन-तीन इंच जास्त येतं. आसनही तसंच : पुढच्या पट्टीपासून पायांमधून मागच्या पट्टीपर्यंत, बसलेल्या स्थितीत. मैत्रिणीचा काष्टा उसवला तो इथेच, आसन उभ्याने मोजलेलं असणार. मागच्या मधल्या जोडाला दुहेरी शिलाई, आतून सुती फीत आणि इंचभर दाब. आणि खरी पैठणी शिवायला कापू नका, कृपा करून. गौरीहराच्या पिवळ्या साडीसाठी शिवलेली चालेल, ती साध्या रेशमाची असते.

*

प्रश्न : रिसेप्शनला लहंगा. उंची चार फूट अकरा. सगळं वजन पोटाशी, पाय बारीक. नाभीजवळ ४६, नितंब ४५.
– देवास

पट्टी पोटाच्या खाली बांधू नका. खाली बांधलेली घसरत राहते आणि पोट तिच्यावर ओघळतं. पोटाच्या वर, जिथे अंग थोडं आत जातं तिथे बांधा. ते माप समजा ४१. बारा कळ्या धरल्या तर वर प्रत्येक कळी साडेतीन इंच, दोन्ही बाजूंना अर्धा-अर्धा इंच दाब, म्हणजे साडेचार. पोटाच्या सर्वांत भरलेल्या ओळीवर ४६ अधिक दोन सैल, म्हणजे ४८, कळी चार इंचांची, दाबासह पाच. खाली घेर साडेचार मीटर पुरे, कळी सुमारे पंधरा अधिक दाब. चुण्यांचा लहंगा नको. चुण्या पोटावरच जमतात. कॅनकॅन (घेर फुगवणारं आतलं ताठ जाळीचं कापड) पट्टीपासून नको, नऊ-दहा इंच खाली सुरू करा.

पट्टी तीन इंच रुंद, आत कॅनव्हास, बाजूला चेन आणि वर दोन हुक. घेण्यापूर्वी दुकानात लहंगा काट्यावर ठेवायला लावा. पाच किलोंच्या वर जात असेल तर विचार करा, कारण तुम्ही तीन तास उभ्या राहणार. जडच आवडला तर पट्टीच्या आतून खांद्यांवर जाणाऱ्या दोन सुती फिती शिवून घ्या. चोळीखाली त्या दिसत नाहीत, आणि अर्धा भार खांद्यांवर जातो. ओढणी एका खांद्यावरून सरळ खाली सोडा. आडवी घेऊ नका.

*

प्रश्न : मुलगी दोन महिन्यांत वजन कमी करणार आहे. ब्लाउज दोन इंच लहान शिवून ठेवावा का? तिला हुरूपही येईल.
– एक आई, लोकमान्यनगर

नाही. आज आहे त्या मापाचा शिवा. मोठा ब्लाउज लहान करायला शिंप्याला एक तास लागतो. लहान शिवलेला मोठा करायला आत कापडच नसतं. शिवाय दोन इंच लहान ब्लाउज कपाटात टांगला की हुरूप येत नाही, रोज सकाळी परीक्षा होते. लग्नाच्या घरात पोरीला जेवायची भीती वाटावी असं काही करू नका. आमची कळकळीची विनंती आहे.

वेळ असा आखा. साडी दोन महिने आधी, फॉल-पिको लगेच. मांजरपाटाचा प्रयोग सहा आठवडे आधी, कारण तुळशीच्या लग्नानंतर कोणताही शिंपी फोन उचलत नाही. कच्च्या शिलाईचा दुसरा प्रयोग पंधरा दिवस आधी. शेवटचा पाच दिवस आधी, आणि तेव्हाच पक्की शिलाई. ती खरंच बारीक झाली तर या शेवटच्या प्रयोगात दोन्ही बाजूंनी आत घेता येईल.

*

प्रश्न : आतून घट्ट शेपवेअर घालावं का?
– इंदूर

मांडीपर्यंतचं, हलकं, तुमच्याच मापाचं असेल तर घाला. एक माप लहान घेतलं तर पोटातलं वर सरकून छातीखाली वळी होते, आणि ब्लाउजच्या पट्टीवर तीच दिसते. घालायचं असेल तर ब्लाउज-परकराची मापंही ते घालून द्या. होमाच्या धुरात, उपाशी पोटी तासभर खाली बसायचं असतं. घरी ते घालून पाटावर अर्धा तास बसून पाहा. श्वास अपुरा वाटला तर विधींना चार इंच पट्टीचा परकरच ठेवा आणि शेपवेअर रिसेप्शनसाठी पिशवीत घाला.